पायलट पसंत आहे

“पायलट इथंच असतो का?”

प्लायवूडच्या भिंतीपलीकडून प्रश्न आला आणि माझी पेन्सिल कागदावरच थांबली. आवाज अण्णांचा होता. शनिवारी भर दुपारी अण्णा जयसिंगपुरात, आमच्या घरी, पेपर तोंडावर घेऊन झोपलेले असायला हवे होते. ते पुण्यात काय करत होते, तेच मला कळेना.

“इथंच, इथंच. या, बसा,” बोंद्रे सर म्हणाले. बोंद्रे सर म्हणजे आमच्या कार्टून स्टुडिओचे मालक, ध्वनिमुद्रक आणि पंखा बंद पडला तर वायरमनही. त्या दिवशी चॅनेलकडून कुणीतरी पायलट बघायला येणार होतं. अण्णांचा कोट आणि काळी टोपी बघून सरांना वाटलं, हेच ते साहेब. “तयार आहे तसा. रंगाचं थोडं राहिलंय.”

“रंगाचं काही नाही हो,” अण्णा म्हणाले. “उन्हात फिरलं की कुणाचाही रंग जातो. स्वभाव कसा आहे ते सांगा.”

“स्वभाव जरा चिकट.”

“चिकट म्हणजे? पैशाला?”

“छे छे. भिंतीला.”

अण्णांनी घसा खाकरला. आम्हा घरच्यांना त्या खाकरण्याचा अर्थ ठाऊक होता: मालात खोट दिसली. “बरं. आणि उंची?”

“वीतभर,” सर म्हणाले. “शेपूट धरून.”

मी उठून बाहेर आले. अण्णा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. त्यांच्या एका हातात नारळ होता, मांडीवर भडंगाचं पुडकं होतं, आणि चेहऱ्यावर तो भाव होता, जो बघून सांगली जिल्ह्यातले किराणा दुकानदार वर्षानुवर्षं घाम पुसत आले होते. अण्णा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तराजूवर त्यांचा विश्वास नसे आणि तराजू धरणाऱ्यावर तर मुळीच नसे.

“त्रिशला,” ते म्हणाले, “हे गृहस्थ काय बोलायलेत?”

झालं होतं असं की दोन दिवसांपूर्वी मी घरी फोन केला होता. शेजारच्या घरी फोन, त्यात खरखर, आणि आईला फोनवर ओरडून बोलायची नि कमी ऐकायची सवय. मी सांगितलं, “आई, माझा पायलट तयार झालाय. शनिवारी बघायला येणार आहेत. पसंत पडला की माझं नक्की.” तिनं विचारलं, “कुठं बघणार?” मी खरं तेच सांगितलं, “मंगल कार्यालयात, वरच्या मजल्यावर.”

त्यात माझं काय चुकलं? आमचा स्टुडिओ खरोखरच सिंहगड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या डोक्यावर होता. भाडं कमी, आणि त्याचं कारण खाली होतं. लग्नसराईत सनई, बँड आणि मंगलाष्टकं थेट आमच्या माइकमध्ये शिरत. म्हणून ध्वनिमुद्रणाची वेळ आम्ही पंचांग बघून ठरवत असू. बाकीचं जग मुहूर्त शोधतं, आम्ही मुहूर्त नसलेली वेळ शोधायचो. एका परदेशी कार्टूनमधल्या बदकानं तोंड उघडलं आणि आतून “शुभमंगल सावधान” आलं, तेव्हापासून सरांनी पंचांग टेबलाशीच खिळ्याला टांगून ठेवलं होतं.

“अण्णा,” मी म्हटलं, “पायलट म्हणजे विमानवाला नव्हे. मालिका काढायच्या आधी तिचा एक छोटा भाग करून दाखवतात, त्याला पायलट म्हणतात. नमुना.”

“कशाचा नमुना?”

“कार्टूनचा. मी केलंय. पालीचं.”

अण्णांनी नारळाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. “म्हणजे मुलगा नाही?”

“नाही.”

“मी काल दाढी करून घेतली, कोट इस्त्रीला दिला,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुझ्या आईच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नाही. ‘मी आधीच म्हणत होतो,’ म्हणाली, ‘पोरगी हवेतच बघत चालते.’ गल्लीत सांगून मोकळी झालीय, जावई विमान चालवतो म्हणून.”

आमच्याकडच्या बायका ‘मी म्हणत होतो’ असंच बोलतात. पुण्यात आल्यावर पहिलं वर्ष माझ्या त्या बोलण्याची सगळ्यांनी चेष्टा केली होती. पण त्या क्षणी आईचा तो ‘होतो’ ऐकून मला भलतंच बरं वाटलं आणि मी हसले. अण्णा हसले नाहीत.

“मग सोमवारचं तसंच धरायचं,” ते म्हणाले.

आता हसण्यासारखं काही उरलं नाही. आमचा ठराव होता. मी पुण्यात तीन वर्षं चित्रं काढायची. तोवर स्वतःचं म्हणावं असं काही हातात आलं नाही, तर जयसिंगपूरला परत यायचं आणि अण्णांच्या ओळखीच्या शाळेत चित्रकलेची बाई म्हणून रुजू व्हायचं. तीन वर्षं संपली होती आणि शाळा सोमवारी उघडत होती. या तीन वर्षांत मी काय केलं होतं? परदेशी कार्टूनांतली मधली-मधली चित्रं भरली होती. कुत्रा धावायला निघाला ते चित्र तिकडचा माणूस काढायचा, कुत्रा पोहोचला तेही तोच. मधले पाय माझे. एवढे पाय काढूनही मी जिथल्या तिथं आहे, असं अण्णा एकदा म्हणाले होते, आणि ते खोटं नव्हतं.

म्हणून त्या मराठी चॅनेलनं ‘नमुने’ काढायचं ठरवलं, तेव्हा मी जिवावर उदार होऊन कामाला लागले. दर रविवारी एक नवं छोटं कार्टून, प्रत्येक वेळी वेगळ्या चित्रकाराचं. लोकांना जे आवडेल त्याची पुढं मालिका. आपल्याकडं असं काही पहिल्यांदाच होत होतं. सगळ्या जागा भरत आल्या होत्या, एक उरली होती, आणि तिच्यासाठी माझं कार्टून आणि नाशिकच्या कुणाचा तरी उडणारा बैल असे दोघे होतो. बैल देखणा होता असं ऐकलं होतं.

“नमुने?” अण्णा म्हणाले. “नाव बरोबर ठेवलंय. सगळे एका जागी गोळा करायलेत.”

तेवढ्यात चॅनेलच्या सबनीसबाई आल्या. तिशीच्या आसपासच्या, भराभर बोलणाऱ्या आणि त्याहून भराभर घड्याळ बघणाऱ्या. सरांनी अण्णांची ओळख “वजनमाप्याचे साहेब” अशी करून दिली. बाईंना वाटलं, आमच्यावर धाड पडलीय. मी ते निस्तरलं. अण्णांना म्हटलं, आलाच आहात तर बघून जा. नाही म्हणतील अशी आशा होती, पण ते टोपी सारखी करून पहिल्या रांगेत बसले. रांग एकच होती.

माझ्या कार्टूनचं नाव ‘शंकेची पाल’. मनात शंकेची पाल चुकचुकली असं आपण म्हणतोच. मी ती मनातून काढून भिंतीवर बसवली. घरात राणू नावाची मुलगी, आणि भिंतीवर ही पाल. राणूला समुद्र बघायला जायचं आहे. ती पिशवी भरायला लागली की पाल चुकचुकते आणि म्हणते, “तसं नव्हे, पण समजा...” पण समजा गाडी चुकली तर? पण समजा समुद्र आज बंद असला तर? घरचे वैतागून तिला चप्पल दाखवतात. राणू सगळ्या शंकांना पुरून उरते आणि निघते. रिकाम्या घरात पाल एकटी राहते आणि एक शेवटची शंका बोलते. संपलं.

आता ‘तसं नव्हे, पण समजा’ हे कुणाचं वाक्य होतं, ते मी सांगायला नको. मी पुण्याला निघाले त्या दिवशी अण्णांनी ते घरापासून एसटी स्टँडपर्यंत म्हटलं होतं. पण समजा मेसमधलं तेल खराब असलं तर? पण समजा खोलीला आतून कडी नसली तर? कडी असली पण बसली नाही तर? पालीला मी चष्माही दिला होता, मागून काळी दोरी बांधलेला. अण्णा कधी बघतील असं वाटलं असतं तर निदान दोरी काढली असती.

दिवा बंद झाला. चित्र सुरू झालं. पाल भिंतीवर आली आणि अण्णांनी आपला चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. मानेमागची दोरी चाचपली. मी अंधारात डोळे मिटून घेतले.

“चप्पल मारायलेत तिला?” थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. आम्ही जैन, घरात मुंगीलाही वाट करून देणारी माणसं. “लागली म्हणजे?”

“लागत नाही, अण्णा. कार्टून आहे.”

“तसं नव्हे. पण समजा लागली तर?”

सबनीसबाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

“आणि ही पोरगी एकटी निघाली, तर पाणी घेतलं नाही तिनं. पिशवीत टोपी घेतली, पाणी नाही. पण समजा वाटेत तहान लागली?”

बाई आता पडद्याकडं बघतच नव्हत्या. कार्टून संपून दिवा लागला तेव्हा त्या अण्णांकडं अशा बघत होत्या, की मला वाटलं आता या रागावणार.

“त्रिशला,” त्या म्हणाल्या, “कच्चा भाग पाठवला होतास, तेव्हा मी फोनवर काय बोलले होते? बाकी सगळं छान, पण पाल त्रासदायक वाटते. आवाज चांगला आहे, आवाज देणाऱ्या बाई उत्तम बोलल्यात, पण वाटतं, कुणीतरी हिला एकदाची हाकला. शेवटच्या वाक्याला तर हसूही येत नाही आणि वाईटही वाटत नाही. अशी पाल मी घेऊ शकत नाही. मग बैलच घ्यावा लागेल.” त्या थांबल्या. “यांना आत बसवून बघू या?”

“कुठं आत?” अण्णांनी विचारलं.

त्यांना माइकच्या खोलीत बसवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दुसरा कुणी सगळं बोलून घरी गेला असता. कानाला लावायचं यंत्र टोपीवर बसेना आणि टोपी काढायला ते तयार नव्हते. खोलीला खिडकी का नाही? दार बाहेरून लागतं का? पण समजा वीज गेली तर? सरांनी प्रत्येक प्रश्नाला “नाही हो साहेब” म्हणत म्हणत मशीन सुरू केलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यातलं बरंचसं पुढं कार्टूनमध्ये तसंच्या तसं गेलं.

खाली गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. बँडवाले आले होते, त्यांची पिपाणी मधूनच एकदा ओरडून गप्प बसत होती. सर पंचांगाकडं आणि घड्याळाकडं आळीपाळीनं बघत होते. अण्णांना वेगळीच घाई होती. दिवस बुडायच्या आत त्यांचं खाणं व्हायला हवं, नाहीतर उपाशी झोपायचं.

पण कागद हातात आल्यावर ते वाचायला लागले, आणि मी काचेच्या या बाजूला उभी राहून ऐकत राहिले. तीच वाक्यं होती. मीच लिहिलेली, आणि लिहिताना मनातल्या मनात त्यांची थोडी टिंगल केलेली. ते बोलायला लागल्यावर मात्र त्यात टिंगल उरली नाही. त्यांना खरंच वाटत होतं, पोरीनं पाणी घ्यावं. सबनीसबाई तोंडावर हात धरून हसत होत्या, आणि मला हसू येत नव्हतं.

शेवटचं वाक्य आलं. राणू गेली आहे, घर रिकामं आहे. पाल म्हणते, “पण समजा, राणू हरवली तर?”

अण्णांनी कागद खाली ठेवला. “हे चुकलंय.”

“काय चुकलं?” सबनीसबाईंनी आमच्या बाजूच्या माइकवरून विचारलं.

“ही पाल असं म्हणणार नाही. लहानपणापासून हिनंच पोरीला सगळं सांगितलंय. रस्ता कसा ओलांडायचा, मोड कशी मोजून घ्यायची. पोरगी हुशार आहे. ती हरवणार नाही, हे पालीला पक्कं ठाऊक आहे.” ते निरीक्षकाच्या आवाजात बोलत होते. “ही शंका वरवरची आहे. तिची खरी शंका ही नव्हे.”

“मग खरी कुठली?”

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खालून कुणीतरी पाहुण्यांना बसून घ्यायची विनंती करत होतं. सरांनी हात वर करून आम्हाला गप्प राहायची खूण केली. मग अण्णा माइककडं वाकले. काचेकडं त्यांनी बघितलं नाही.

“तसं नव्हे,” ते हळूच म्हणाले. “पण समजा... तिला तिकडंच करमलं तर?”

पुढच्याच क्षणी खाली बँड सुरू झाला आणि टेबलावरच्या पेन्सिली थरथरायला लागल्या. “आलं,” सर कुजबुजले. “वाक्य बँडच्या आधी आलं.”

मला काचेकडं बघवेना. मेसचं तेल, दाराची कडी, परतीची शेवटची गाडी, तीन वर्षं मी प्रत्येक फोनवर ज्या शंकांना वैतागले होते, त्या सगळ्यांच्या तळाशी ही एकच होती. आणि ती विचारायला त्यांना पाल व्हावं लागलं.

अण्णा बाहेर आले, टोपी नीट केली आणि पहिला प्रश्न विचारला, “हात धुवायला पाणी कुठं आहे?”

“हा नमुना मी घेतला,” सबनीसबाई म्हणाल्या.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. “कुणाला म्हणाल्या त्या?”

पुढचं आताच सांगून टाकते, म्हणजे कुणाला चुटपूट नको. ‘नमुने’मध्ये आमची पाल पहिली आली नाही. सबनीसबाईंनी कुठूनशी जागा काढून बैलालाही घेतलं होतं आणि लोकांनी बैलालाच उचलून धरलं. आमची दुसरी आली. पण पालीसाठी इतकी पत्रं आली, की चॅनेलनं दोघांची मालिका केली. अण्णा महिन्यातून एकदा एसटीनं यायचे, मुहूर्त नसलेल्या दिवशी, आणि चार वर्षं ती पाल बोलत राहिली. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून पुण्यातच आहे, अजून तेच काम करते, आणि कुठल्याही घरात पाल चुकचुकली की आधी पाण्याची बाटली भरली आहे का ते बघते.

पण मला राहून राहून आठवतो तो त्या संध्याकाळचा स्वारगेट स्टँड.

सांगलीची गाडी लागली होती. सूर्य समोरच्या इमारतीच्या गच्चीला टेकला होता, म्हणून अण्णा खिडकीत बसून घाईघाईनं भडंग खात होते. मी खाली उभी होते. मधूनमधून ते मूठभर भडंग माझ्या हातावर ठेवत. नारळ त्यांनी बोंद्रे सरांना देऊन टाकला होता, आणलेला परत कसा न्यायचा म्हणून. सोमवारबद्दल आम्ही दोघंही बोललो नव्हतो. चॅनेलनं हो म्हटलं म्हणजे अण्णांनी म्हटलं असं होत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या खात्यात दुसऱ्याच्या शिक्क्यावर कुणी माल पास करत नसे.

पुडक्याच्या तळाचे शेंगदाणे त्यांनी माझ्या ओंजळीत ओतले. कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. मग समोरच्या सीटकडं बघत विचारलं, “करमतं का गं तुला इथं?”

नाही म्हणणं किती सोपं होतं. आठवण येते, जेवण आवडत नाही, असलं काहीबाही बोलून त्यांना खूश करता आलं असतं. आणि त्यातलं सगळंच काही खोटं नव्हतं. पण ज्या माणसानं जन्मभर खोटी वजनं पकडली, त्याच्यापुढं ते टाकायला मला धीर झाला नाही.

“करमतं, अण्णा,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. एकदा, मग आणखी एकदा. कंडक्टरनं घंटी मारली.

“शाळेत कळवतो मग,” ते म्हणाले, “दुसरी बाई बघा म्हणून.”

शेंगदाण्यांची ओंजळ तशीच धरून मी गाडीबरोबर चालायला लागले. “आणि आईला? गल्लीला काय सांगणार?”

“त्यात काय सांगायचं?” अण्णांनी चष्म्याची दोरी मानेमागं सारखी केली. “पायलट पसंत आहे म्हणून सांगतो. उंचीला कमी आहे, पण स्वभावानं आमच्यावर गेलाय.”